सिग्नल बूस्टर लावला की घरात नेट खरंच फास्ट होतं का?

देऊळगाव राजाला घरी आलो की हा प्रश्न हमखास येतो. "गच्चीवर नेट पळतं, खालच्या खोलीत फॉर्मचं पानसुद्धा उघडत नाही. बूस्टर घेऊ का?" सीईटीच्या फॉर्मची शेवटची तारीख जवळ आली की काही हजार खर्चायलाही घरचे तयार होतात. माझं उत्तर एकच: घेऊ नका.

बूस्टर म्हणजे छतावर एक अँटेना, मध्ये अ‍ॅम्प्लिफायर आणि घरात दुसरा अँटेना. बाहेरचा सिग्नल मोठा करून आत सोडायचा आणि फोनचा सिग्नल मोठा करून टॉवरकडे पाठवायचा, एवढंच त्याचं काम. जाड दगडी भिंतींचं जुनं घर किंवा पत्र्याचं दुकान असेल (पत्रा रेडिओ लहरींना आरशासारखा परत पाठवतो) तर दांड्या खरंच वाढतात. कॉलही सुधारू शकतो.

पण स्पीडचं गणित वेगळं आहे. दांड्या दाखवतात सिग्नलची ताकद. स्पीड मात्र सिग्नल आणि गोंगाट यांच्यातल्या फरकावर ठरतो, त्याला एसआयएनआर म्हणतात. भोंग्याचा आवाज वाढवला की खरखरही वाढते ना, तसंच. बूस्टर दोन्ही मोठं करतो, वर स्वतःचा थोडा गोंगाट मिसळतो.

दुसरी गोष्ट मायमोची. 4जी फोन टॉवरकडून एकाच वेळी डेटाचे दोन प्रवाह घेऊ शकतो. साध्या बूस्टरच्या एकाच अँटेनातून ते एकमेकांत मिसळून येतात, फोनला वेगळे काढता येत नाहीत, आणि कमाल स्पीड जवळपास निम्म्यावर येतो. शिवाय 2300 मेगाहर्ट्झचं 4जी आणि 3300 मेगाहर्ट्झच्या पुढचं 5जी एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने पाठवतं आणि ऐकतं. साध्या बूस्टरला ही पाळी कळत नाही. तो 900 किंवा 1800 चा बँड मोठा करतो, फोन त्यालाच चिकटतो आणि फास्ट बँड सोडून देतो. म्हणजे दांड्या चार, स्पीड आधीपेक्षा कमी!

म्हणून आधी गच्चीवर स्पीड टेस्ट करा. तिथेही नेट रडत असेल तर अडचण भिंतीची नाही, टॉवरवरच्या गर्दीची आहे. दसऱ्याच्या सुमारास बालाजीच्या यात्रेत हेच होतं. फुल दांड्या असून यूपीआय फिरत राहतं. त्यावर बूस्टर काहीही करू शकत नाही.

आता शेजाऱ्यांचं. आतला अँटेना बाहेरच्याला ऐकू गेला की माइक स्पीकरसमोर धरल्यावर होते तशी किंकाळी सुरू होते, फक्त रेडिओची. टॉवर खूप क्षीण सिग्नल ऐकत असतो, त्याचे कान बधिर होतात आणि आसपासच्या लोकांचे कॉल तुटतात. त्यात एखादा 108 ला लावलेला कॉलही असू शकतो. म्हणूनच भारतात परवानाधारक मोबाइल कंपन्यांशिवाय कुणालाही बूस्टर बाळगणं, विकणं किंवा वापरणं बेकायदेशीर आहे. 2022 मध्ये दूरसंचार विभागाने ऑनलाइन विक्रीबद्दलही तशी ताकीद दिली. तरी असे बूस्टर विकणारे सापडतात, ते सोडा.

मग करायचं काय? घरात ब्रॉडबँड असेल तर फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करा, कॉलचा प्रश्न तिथेच मिटतो. ब्रॉडबँड नसेल आणि गच्चीवर स्पीड चांगला असेल तर सिम टाकायचा राउटर घ्या, शक्यतो बाहेर लावायचा, दोन अँटेनांचा. एअरफायबरचं बाहेरचं युनिट याच तत्त्वावर चालतं. तो टॉवरचा सिग्नल पुन्हा हवेत फेकत नाही. स्वतः फोनसारखा टॉवरशी बोलतो आणि घरात वाय-फाय देतो. मायमो टिकतो, कायदाही मोडत नाही.

आजच फॉर्म भरायचा असेल तर जुना फोन वरच्या खिडकीत ठेवून हॉटस्पॉट चालू करा. खिडकी निवडताना अँड्रॉइडच्या 'अबाउट फोन'मध्ये सिम स्टेटस उघडा (आयफोनवर *3001#12345#* डायल करा). आकडा उणे असतो: -85 चांगला, -110 च्या खाली कठीण. दर 3 डीबीला ताकद दुप्पट होते, त्यामुळे फोन हातभर सरकवूनही फरक पडतो. दोन जागांचे आकडे सारखेच आले तर स्पीड टेस्ट जिथे जास्त दाखवेल ती जागा घ्या.