पडद्यांमधला स्वर

देवगड तालुक्यात डबल बारीची भजने ऐकत ज्यांची रात्र उजाडते, त्यांना संगीतातला एक वाद मुद्दाम समजावून सांगावा लागत नाही. दोन बुवा समोरासमोर बसतात, पखवाज आणि झांजेच्या साथीत एकमेकांना गाण्यातून सवाल टाकतात आणि पहाटे घराकडे परतणारी मंडळी वाटेतच निवाडा करून मोकळी होतात. एका बुवाची तयारी मोठी, पण गाणे ‘काळजाक लागला नाय’. दुसऱ्याचा गळा साधा, पण त्याने डोळ्यांत पाणी आणले. तंत्र श्रेष्ठ की भाव, हा तो जुना तंटा.

आपल्या गायकवृंदांत गिटार आली आणि तोच तंटा चर्चच्या सज्जावर जाऊन बसला. तरुण म्हणतात, मनापासून वाजविले की पुरे, पाच रेघांची स्वरलिपी शिकून काय करायचे? जाणती मंडळी म्हणतात, ह्या मुलांना धड वाद्य जुळविता येत नाही. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य आहे. पण ह्या वादाला आपल्याच किनाऱ्यावर एक मोठा इतिहास आहे, आणि तो ठाऊक असता तर दोन्ही पक्षांनी आवाज थोडा खाली आणला असता.

आधी वाद्याचा स्वभाव पाहू. गिटारीच्या मानेवर धातूचे पडदे ठोकलेले असतात आणि त्यांच्यामुळे सप्तकाचे बारा सारखे तुकडे पडतात. बोट पडद्यामागे दाबले की ठरलेला स्वर मिळतो. पण दोन पडद्यांच्या मध्ये जे स्वर राहतात, ते नुसत्या बोट दाबण्याने हाती लागत नाहीत, आणि आपल्या संगीतातली मींड तर नेमकी तिथेच वसते. दुसरी अडचण अशी की छेडलेली तार लगेच विझू लागते. व्हायोलिनवादक गजाने स्वर हवा तितका लांबवितो. गिटारवादकाला ती सोय नाही. म्हणजे भजन ऐकून तयार झालेल्या कानाला जे हवे, ते ह्या वाद्याच्या अंगी मुळात कमी. अशीच तक्रार पेटीविषयी झाली होती. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत टिकली. आमच्या दशावतारातल्या पायपेटीला मात्र तिची वार्ता कोणी कळविली नसावी! संहितेचा कागद नसताना ऐन वेळी संवाद रचणाऱ्या नटाला सूर देत ती रात्रभर वाजतच राहिली.

ख्रिस्ती संगीताच्या बाबतीत ह्या किनाऱ्याला प्रारंभापासून दोन कान होते. राशोल येथे १६१६ साली छापल्या गेलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’साठी फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी ओवी निवडली. जन्माने इंग्रज असलेला हा जेज्वीट पंडित १५७९ मध्ये गोव्यात आला. लोकांच्या मुखी काय रुळते हे त्याने ओळखले आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांतून तारणाची कथा सांगितली. ती ओवी भाविक गात असत, आणि ती गाण्यासाठी कुणाला कागदावरचे स्वर वाचावे लागत नसत. त्याच गोव्यात दुसरीकडे धर्मग्रामाच्या शाळा उभ्या राहिल्या. तेथला संगीतशिक्षक म्हणजे ‘मेस्त’. मुलाच्या हाती व्हायोलिन देण्याआधी तो त्याला सोल्फेजो शिकवी, म्हणजे कागदावरचा स्वर पाहताक्षणी तोंडाने म्हणायला लावी. ताल चुकला की छडी ठरलेली. ह्या शिस्तीतून खेडोपाडी असे लोक तयार झाले की ज्यांना अनोळखी स्वरलिपी समोर ठेवताच वाजविता येई. क्रुसासमोरच्या लदाईनीत दोन व्हायोलिने आणि तीन-चार निरनिराळ्या पट्ट्यांतले आवाज एकमेकांत मिसळतात, ते मेस्ताच्या शाळेचे देणे. बापजाद्यांनी गोव्यातून येताना जे आणले, त्यातली ही लदाईन मालवण-वेंगुर्ल्याकडील घरांनी आजवर जपली आहे.

ही विद्या मुंबईला गेली ती पोटासाठी. मुंबईहून निघणाऱ्या आगबोटी विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत गोव्याकडे जात आणि तशाच परत फिरत. आंब्याच्या करंड्या, गिरणीतले चाकरमानी आणि व्हायोलिनची काळी पेटी जपत बसलेला एखादा गोवेकर असा तो प्रवास असे. मुंबईत हॉटेलांतील बँड आणि पुढे चित्रपटांचे स्टुडिओ त्यांची वाट पाहत होते.

माजोर्डे गावच्या मेस्ताचा मुलगा आंतोनियो उर्फ अँथनी गोन्साल्विस १९४३ मध्ये असाच मुंबईला आला आणि नौशाद ह्यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागला. त्या वेळी त्याचे वय होते अवघे सोळा. शंकर-जयकिशन ह्यांच्यासाठी दोन दशकांहून अधिक काळ वाद्ययोजना करणारे सेबास्टियन डिसोझा हेही गोव्याचेच. ह्या मंडळींचे काम नीट समजून घेण्यासारखे आहे. संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवी. तीत मुरक्या असत, मींड असे, स्वर किंचित चढा-उतरा लागे. सतार किंवा सारंगी वाजविणारा ती ऐकून उचली. पण समोर बसलेल्या पन्नास-साठ जणांत बरेचसे कागद वाचणारे असत आणि पाच रेघांवर मींड नीट लिहिता येत नाही. वाद्ययोजकाला दोन्ही भाषा येणे भाग होते. चाल कानाने पकडायची, तिच्यातला भाव कुठे आहे हे ओळखायचे आणि तो न सांडता कागदावर उतरवायचा.

बाहेर मात्र समज असा पसरला की भाव संगीतकाराचा आणि ही गोवेकर मंडळी केवळ कागद वाचणारी. श्रेयनामावलीत त्यांची नावे क्वचित आली. आली तीही साहाय्यक म्हणून. मला ह्या वादातली सर्वांत बोचणारी गोष्ट हीच वाटते. तंत्र आणि भाव ह्यांची फाळणी केवळ रसिकांच्या गप्पांत झाली नव्हती, तिच्यावर श्रेयाचे आणि पैशांचे वाटप झाले.

गोन्साल्विस ह्यांना तर ही फाळणीच मान्य नव्हती. एप्रिल १९५८ मध्ये त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात शंभराहून अधिक वादक जमवून रागांवर आधारलेल्या आपल्या रचना सादर केल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. पाच रेघांच्या कागदावर राग सारंग लिहिण्याचे ते धाडस होते. पण रोजच्या पोटाची व्यवस्था स्टुडिओंतच होती आणि असला प्रयोग चालू ठेवील असा आश्रयदाता लाभला नाही. १९६५ मध्ये ते अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठात गेले, पुढे माजोर्ड्यास परतले आणि २०१२ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे शिष्य प्यारेलाल ह्यांनी ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील एका गाण्यात त्यांचे नाव गुंफले. ते नाव सगळ्या देशाने गुणगुणले. माणूस किती जणांना ठाऊक होता?

व्हायोलिनवर पडदे नसतात, म्हणून तिने हा पूल पुष्कळ सोपेपणाने ओलांडला. गिटारीला वाट हवाईने दाखविली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील जोसेफ केकुकू ह्या मुलाने तारांवर पोलादी तुकडा सरकवीत वाजविण्याची रीत रूढ केली असे मानले जाते. बोट पडद्यावर न दाबता धातूची कांडी तारेवरून घसरवायची, की पडदे असून नसल्यासारखे होतात आणि दोन स्वरांमधली सगळी वाट वाद्याला मोकळी होते. ही हवाईयन गिटार भारतात अशी रुजली की चित्रपटगीतांच्या सुरावटी तिच्यावर वाजवून ध्वनिमुद्रिका निघू लागल्या. लखनौच्या ख्रिस्ती कुटुंबातले व्हॅन शिप्ले त्यातले एक नामवंत वादक. ह्या ध्वनिमुद्रिका घरोघर वाजल्या, कारण शब्द नसूनही त्यात गाणे ऐकू येई.

ब्रिजभूषण काब्रा ह्यांनी ती वाट शास्त्रीय संगीतापर्यंत नेली. सरोदवादक अली अकबर खाँ ह्यांचा हा शिष्य गिटार मांडीवर आडवी घेई. त्यांनी तिला चिकारीच्या तारा जोडल्या आणि आलापीचा संथ विस्तार तिच्यावर साधला. शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी ह्यांच्या संगतीत १९६७ मध्ये निघालेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका अनेकांच्या घरी असेल. ती ऐकताना लक्षात येते की तंत्र जसजसे अवघड झाले तसतसा स्वर सोपा वाटू लागला. कांडी केसभर पुढे गेली तरी स्वर बिघडतो. पडद्याचा आधार सोडल्याची ती किंमत आहे.

त्याच वर्षी दुसरा एक गिटारवादक मुंबई सोडून लंडनला गेला. अमान्सियो डिसिल्वा १९३६ मध्ये मुंबईत गोवेकर कॅथलिक कुटुंबात जन्मला. त्याने कांडी हाती घेतली नाही. साध्या पडद्यांच्या गिटारीवर जॅझ वाजवितानाच त्याने रागांचे वळण आणले. १९६९ मधील ‘इंटिग्रेशन’ आणि जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट ह्याच्या साथीतली ‘हम दोनो’ ह्या त्याच्या ध्वनिमुद्रिका जाणकार आजही शोधत असतात. १९९६ मध्ये लंडनलाच त्याचा अंत झाला. आपल्या समाजातल्या ह्या कलावंताचे नाव आपल्याच घरांत फारसे निघत नाही.

आता चर्चच्या सज्जाकडे वळू. पोप दहावे पायस ह्यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संत सिसिलियाच्या सणादिवशी, काढलेल्या आज्ञापत्रात नाटकी संगीताला उपासनेबाहेर ठेवले आणि पियानो, ढोल ह्यांसारखी वाद्ये चर्चमध्ये मना केली. साठ वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेवरील संविधानात ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांनाही अधिकाऱ्यांच्या संमतीने दार उघडले आणि लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य स्थान द्यावे असे सांगितले. मार्च १९६७ च्या सूचनापत्राने पुन्हा एक मर्यादा घातली: जी वाद्ये लोकांच्या समजुतीप्रमाणे केवळ ऐहिक संगीताचीच आहेत, ती उपासनेत नकोत. गिटार त्यांत मोडते काय, यावर जगभर खल झाला. तो सुटला मुख्यतः तरुणांच्या खांद्यावरून. ऑर्गन महाग आणि अवजड. गिटार पाठीवर टाकून मिस्साला येता येते.

तिच्या येण्याने पुष्कळ चांगले झाले. लोकभाषेतली गीते ओठांवर आली, लाजरी मुले पुढे आली. पण त्याच काळात मेस्ताची शाळा मोडत गेली आणि तिच्या जागी दुसरी शिस्त उभी राहिली नाही. आजचा मुलगा तीन-चार कॉर्ड मोबाइलवर पाहून शिकतो, आणि गीत कोणत्याही भावाचे असो, तेच तीन-चार कॉर्ड त्याच ठोक्यात वाजतात. त्याला कागद वाचता येत नाही, हे एक. भजनाच्या पेटीवाल्याप्रमाणे गाणाऱ्याचा सूर ऐकून त्याच्या मागे जाणेही त्याला येत नाही, हे त्याहून मोठे नुकसान. मनापासून वाजवितो हे त्याचे म्हणणे खोटे नाही. मनातले बोटांपर्यंत पोहोचायला रस्ताच बांधलेला नाही. दोष त्याचा म्हणवत नाही. गिटार विकत घ्यायला वर्गणी काढणाऱ्या आपण वडीलमाणसांनी शिकविणाऱ्यासाठी वर्गणी काढल्याचे फारसे ऐकिवात नाही.

तालमीवाचून उत्स्फूर्त वाजविण्यातच खरा भाव, असे ज्यांना वाटते त्यांनी एक ध्वनिमुद्रिका जरूर ऐकावी. सप्टेंबर १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातील सँटा बार्बरा येथे, पूर्वी फ्रान्सिस्कन गुरुविद्यालय असलेल्या सेंट अँथनीच्या आवारातील ख्रिस्तराजाच्या चॅपलमध्ये, दोन गिटारवादक समोरासमोर बसले. एक रविशंकरांचे शिष्य, जयपूरचे विश्वमोहन भट्ट. गिटारीला जादा तारा जोडून त्यांनी तिला मोहनवीणा असे नाव दिले होते. दुसरा अमेरिकेचा राय कूडर, बोटात नळी घालून तीच मींड काढणारा. दोघांची ओळख होऊन फार वेळ झाला नव्हता आणि तालीम झालीच नव्हती. कूडरचा चौदा वर्षांचा मुलगा एक अरबी तालवाद्य घेऊन बाजूला बसला होता. त्या बैठकीतून निघालेल्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ला १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. वाजविणाऱ्या त्या दोघांची वये तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती आणि हातातले वाद्य दोघांनीही कित्येक वर्षे सोडलेले नव्हते.