पाठवणी आणि भागी

मिशन शाळा, मिशन दवाखाना, मिशन कंपाउंड. ‘मिशन’ हा शब्द मराठीत केव्हाच घरचा झाला. मूळ लॅटिन क्रियापद ‘मित्तेरे’, म्हणजे पाठवणे, त्यावरून ‘मिस्सिओ’. जुन्या ख्रिस्ती धर्मशास्त्रात पित्याने पुत्राला जगात पाठवले, त्या पाठवणीचे हे नाव. सोळाव्या शतकात जेझुइटांनी ते दूरदेशी जाणाऱ्या धर्मप्रसारकांच्या कामाला लावले, आणि मग पाठवणारा वर, घेणारा खाली अशी उतरंड तयार झाली.

ती अनेकांना खुपली. १९१० साली एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत भारतीय ख्रिस्ती नेते व्ही. एस. अझरया यांनी मिशनऱ्यांना तोंडावर सांगितले, की तुमचा त्याग आम्ही जाणतो, पण आम्हांला मैत्री हवी. आपल्याकडे रेव्हरंड टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनपासून वेगळे होऊन ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ मांडला. १९४७ मध्ये कॅनडातल्या व्हिटबी परिषदेने तर जुन्या-नव्या मंडळ्यांच्या नात्याला ‘भागीदारी’ असेच नाव दिले.

हा शब्द मात्र ‘मिशन’हून जुना, थेट बायबलातला. ग्रीक ‘कोइनोनिया’. लूकच्या शुभवर्तमानात याकोब आणि योहान हे शिमोनाचे ‘कोइनोनोइ’, म्हणजे मासेमारीतले भागीदार आहेत. माशांनी जाळी फाटू लागली तेव्हा दुसऱ्या होडीतल्यांना खूण करून बोलावले, ती हीच भागी. फिलिप्पैच्या मंडळीने पौलाला मदत पाठवली, तिच्याबद्दल लिहिताना तो व्यापाऱ्यांच्या हिशेबातलीच भाषा वापरतो: देणे आणि घेणे, दोन्ही.