मुंबईच्या नावाचा रक्तगट

संशोधकाची थोरवी कशावरून ठरवावी? पदव्यांवरून, हुद्द्यांवरून, की त्याने लिहिलेल्या निबंधांच्या संख्येवरून? विज्ञानाच्या जगात आणखी एक कसोटी मानतात. त्याच्या कामाचा उल्लेख करून, त्याचा आधार घेऊन पुढे किती जणांनी काम केले, ही ती कसोटी. युजीन गारफील्ड या अमेरिकन अभ्यासकाने १९६४ पासून अशा उल्लेखांची भलीमोठी सूचीच प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. मुंबईत झालेल्या एका रक्तसंशोधनाची कहाणी या कसोटीवर घासून पाहण्याजोगी आहे.

माणसामाणसांच्या रक्तात भेद असतो, हे कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले. त्याबद्दल त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. ए, बी, एबी आणि ओ हे गट आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहेत. ओ गटाचे रक्त कोणालाही चालते, अशी समजूत त्यातूनच रूढ झाली.

३ मे १९५२ रोजी ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात जेमतेम दोन पानांचा एक लेख आला. मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया आणि लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील सँगर, रेस, मॉर्गन व वॉटकिन्स असे सात जण त्याचे लेखक होते. तीन माणसांच्या रक्ताची ती हकिकत होती. त्यांच्या तांबड्या पेशींवर ए नव्हते, बी नव्हते. म्हणजे साध्या तपासणीत हे रक्त ओ ठरले असते. परंतु त्यांचा रक्तरस ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करीत होता! आपल्याच गटाच्या रक्ताशी वैर धरणारे हे रक्त मग कोणत्या गटाचे?

उलगडा असा : तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर ‘एच’ नावाचा एक घटक असतो. तो जणू पाया. त्याला एक विशिष्ट शर्करा जोडली की ए तयार होतो, दुसरी जोडली की बी. ओ गटात नुसता पाया असतो. या तिघांत पायाच नव्हता. त्यामुळे त्यांच्या रक्तात एचविरुद्धही प्रतिपिंडे होती. अशा रुग्णाला ओ समजून ओचे रक्त चढवले, तर प्राणावर बेतू शकते.

आता या दोन पानांचा पुढचा प्रवास पाहा. १९५५ साली अमेरिकेत फिलिप लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना इटालियन वंशाच्या एका कुटुंबात हाच प्रकार आढळला. आईच्या रक्तात न दिसणारा बी अपत्यात प्रकट झाला होता. जनुक हजर होते, पण पाया नसल्याने दडून राहिले होते. ज्या शहरात हा शोध लागला त्याच्या सन्मानार्थ त्यांनी या गटाला ‘बॉम्बे’ हे नाव दिले. १९९० साली एचचे जनुक हाती आले आणि १९९४ साली त्यातील बिघाड दाखवण्यात आला. १९९२ साली तर हा धागा रोगप्रतिकारशास्त्रात जाऊन पोहोचला. वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या दोन अरब मुलांचा रक्तगट बॉम्बे निघाला. फ्युकोज या शर्करेच्या कमतरतेमुळे त्यांच्या पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून जंतूंपर्यंत पोहोचता येत नव्हते. त्यामागचे जनुक २००१ साली सापडले. परळच्या प्रश्नाला पन्नास वर्षे जगभरातून उत्तरे येत राहिली.

सात लेखकांपैकी डॉ. भाटिया यांनी पुढे याच विषयाला वाहून घेतले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९५७ साली मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र स्थापन केले. त्याची धुरा त्यांनी वाहिली. आज ते के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय संस्था आहे. भाटिया आणि साठे यांनी १९७४ साली मुंबईतील प्रमाण प्रसिद्ध केले : सुमारे ७,६०० माणसांत एक. युरोपात हे प्रमाण दहा लाखांत एकाच्या आसपास मानले जाते.

उल्लेखाचे मोल काय, हे आपल्या इतिहासानेही शिकवले आहे. हृदयातून रक्त फुप्फुसात जाऊन परत येते, हे इब्न अन-नफीस यांनी तेराव्या शतकात लिहून ठेवले. पण ते हस्तलिखित १९२४ साली एका इजिप्शियन डॉक्टरने बर्लिनमध्ये वाचेपर्यंत त्या शोधाचे श्रेय त्यांना मिळाले नाही. इल्म मिळवणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते लिहिणे, पोहोचवणे आणि पुढच्या पिढीने ते वाचणे महत्त्वाचे.

पालकांसाठी यात दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. हा गुण आई आणि बाप दोघांकडून आला तरच प्रकट होतो, म्हणून नात्यातल्या विवाहांत त्याची शक्यता वाढते. चुलत-मावस भावंडांतील असोत वा मामाच्या मुलीशी होणारे असोत, असे विवाह आपल्याकडे अनेक समाजांत होतात. घरात एक बॉम्बे गटाचा निघाला, तर सख्ख्या भावंडांत तो असण्याची शक्यता साधारण चारांत एक असते. म्हणून सर्वांचे रक्त तपासून घ्यावे आणि रक्तपेढीत नाव नोंदवावे. या गटाला याच गटाचे रक्त लागते. दुसरी गोष्ट, ‘ओ’ मातापित्यांच्या पोटी ए वा बी गटाचे मूल जन्मले, एवढ्यावरून कोणत्याही मातेच्या चारित्र्यावर शंका घेऊ नये. दडलेले जनुक अपत्यात प्रकट होऊ शकते, हे याच शास्त्राने दाखवले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, उल्लेखांची संख्या हा मान खरा, पण तो मागून येतो. अगोदर येते ती परीक्षानळीत न जुळणारी गोष्ट पाहून थांबण्याची सवय. भेंडे आणि त्यांचे सहकारी तिथे थांबले, म्हणून आज अनोळखी रुग्णांचे प्राण वाचतात. प्रयोगवहीत उत्तर पुस्तकाप्रमाणे येत नसेल, तर ते खोडू नका. गुरुजींना दाखवा आणि विचारा, असे का?