टवक्याचा इतिहास

या वीकांताचा विषय आहे टवका. हो, टवकाच. कपबशीचा उडतो तो नव्हे, तर रस्त्यावरचा खडा लागून गाडीच्या रंगाचा उडतो तो.

इथे श्टुटगार्टला आम्ही तिघा मित्रांनी भागीदारीत एक जुनी कॅम्पर व्हॅन घेतलीये. फोक्सवॅगनची टी-थ्री, डिझेल, आतलं सगळं सुतारकाम वेस्टफालिया कंपनीचं, छप्पर वर उचललं की दोघांची झोपायची सोय. वयाने माझ्यापेक्षा मोठी. पण तोंडावर देवीचे व्रण असावेत तसे टवके! हा नुसता सौंदर्याचा प्रश्न असता तर मी दुर्लक्ष केलं असतं. जर्मनीत 30 वर्षांहून जुन्या आणि नीट राखलेल्या गाडीला 'एच' नंबरप्लेट मिळते (ही सोय 1997 पासूनची). ती असली तर श्टुटगार्टच्या प्रदूषण-नियंत्रित भागात अशी जुनी डिझेल गाडी चालते, नाहीतर नाही. येत्या वसंतात तपासणी आहे. पत्रा गंजून आरपार गेला की 'एच' गेलं, आणि 'एच' गेलं की गाडी विकायची. त्यामुळे गेले दोन महिने मी रंग आणि गंज याशिवाय काही वाचलेलं नाही. बायको वैतागलीये, पण असो.

पहिला प्रश्न: टवके याच गाडीला एवढे का? उत्तर 1947 साली सापडतं. 23 एप्रिलला बेन पॉन नावाच्या डच व्यापाऱ्याने आपल्या वहीत एक डबा काढला. चाकांवरचा चौकोनी डबा, इंजिन मागे आणि ड्रायव्हर पार पुढच्या चाकांवर. 8 मार्च 1950 ला फोक्सवॅगनने ही गाडी बनवायला घेतली आणि 1951 मध्ये वेस्टफालियाने तिच्यात पलंग-कपाटं बसवली. साध्या मोटारीला पुढे बॉनेट असतं, तिरकं. खडा त्यावर घसरून निघून जातो. या डब्याला नाकच नाही! खडा थेट कपाळमोक्ष करायला येतो. 1967 ची टी-टू असो की 1979 ची टी-थ्री, चेहरा सपाटच राहिला.

मूळ गाडीला 25 अश्वशक्तीचं इंजिन होतं. रमतगमत जायची बिचारी. इथे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं सूत्र आठवा, गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. 5 ग्रॅमचा खडा ताशी 50 किमीने आदळला तर साधारण अर्धा ज्यूल, आणि ताशी 100 ने आदळला तर जवळजवळ दोन. वेग दुप्पट, मार चौपट. आणि समोर ढाल कसली? आजच्या गाडीवरचे रंगाचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 120 मायक्रॉन. दीड-दोन केसांइतकी जाडी!

आता रंगाकडे वळू. सुरुवातीच्या मोटारी घोडागाडीसारख्याच रंगवत. ब्रशने हात मारायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा हात. यात आठवडेच्या आठवडे जात. फोर्डने मॉडेल टी 1914 ते 1925 फक्त काळी विकली, तो काळा म्हणजे डांबरवर्गीय 'जपान ब्लॅक', भट्टीत भाजून पक्का केलेला. मग ड्यूपाँटचा ड्युको आला. पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी वापरलेलं नायट्रोसेल्युलोज शांततेच्या काळात रंगात विरघळवलं, आणि 1924 च्या ओकलंड मोटारी निळ्याशार होऊन बाहेर पडल्या. फवारायचा, भराभर वाळायचा. (पुण्यात आमच्या घरी कपाटं करणारे सुतारकाका "ड्युको मारू का साहेब?" असं विचारायचे तो ड्युको हाच! एका अमेरिकन कंपनीचं ब्रँडनेम सदाशिव पेठेतल्या फर्निचरपर्यंत कसं पोचलं यावर वेगळी पोस्ट होईल.)

पण गंमत बघा, या सगळ्या प्रगतीत भर होता तो वेगावर आणि चकाकीवर. गंजाचा विचार मोटारवाल्यांच्या फार आधी जहाजवाल्यांनी केला होता. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा समुद्राच्या पाण्याने झिजायचा. 1824 मध्ये हम्फ्री डेव्हीने त्याला जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडून दाखवले. तांबं वाचलं, तुकडे झिजले. एका धातूने दुसऱ्यासाठी बळी जायचं. 1837 मध्ये फ्रान्समध्ये सोरेलने लोखंडावर जस्ताचा थर चढवायचं पेटंट घेतलं.

मला सर्वात आवडला तो केंब्रिजच्या इव्हान्सचा 1920 च्या दशकातला प्रयोग. लोखंडावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. गंज कुठे सुरू होईल? आपण म्हणू, कडेला, कारण तिथे हवा जास्त. चूक! थेंबाच्या कडेला प्राणवायू मुबलक, म्हणून ती कड सुरक्षित राहते, आणि मधोमध जिथे प्राणवायू कमी पोचतो तिथलं लोखंड विरघळतं. थेंबातच एक छोटी बॅटरी तयार होते. आता थेंबाच्या जागी टवका ठेवा आणि मिठाच्या जागी जर्मन हिवाळ्यात ऑटोबानवर टाकतात ते मीठ. पाणी रंगाच्या कडेखाली शिरतं, आत प्राणवायू कमी, म्हणजे नेमका लपलेला पत्रा खाल्ला जातो. वरून टिकलीएवढा डाग, रंगाखाली रुपयाएवढा फुगवटा. बग दिसतो एका ओळीत आणि खरा असतो तीन मॉड्यूल पलीकडे, तसंच.

यावरचा खरा तोडगा 1960 च्या दशकात फोर्डच्या जॉर्ज ब्रुअर यांच्या कामातून आला. अख्खी बॉडी रंगाच्या हौदात बुडवायची आणि वीज सोडायची. रंगाचे कण पत्र्याकडे ओढले जातात. पण खरी करामत पुढे आहे. जिथे थर बसला तिथे वीज अडते, म्हणून प्रवाह आपोआप उघड्या राहिलेल्या कोपऱ्याकडे वळतो. जिथे फवारा कधीच पोचला नसता अशा सांदीकोपऱ्यातही रंग बसतो. सुरुवातीला बॉडी धन ध्रुवाला जोडत, त्यात थोडं लोखंडच विरघळायचं. 1970 च्या दशकात ध्रुव उलटे केले आणि हा दोष गेला. तिकडे पोर्शेने 1975 च्या सुमारास 911 ला जस्ताचा पत्रा दिला, दहाएक वर्षांनी ऑडीने 80 ला. आमच्या टी-थ्रीच्या नशिबी मात्र असं संपूर्ण जस्ताचं कवच नव्हतं. तिचे पत्र्यांचे सांधे गंजासाठी बदनाम आहेत. सांध्यात भरलेला मसाला वाळून तडकतो आणि पाणी आत.

हो, टवक्यांची रीतसर परीक्षाही असते बरं का. अमेरिकन एसएई संस्थेची जे-400 चाचणी. नदीतले गुळगुळीत, साधारण 10 ते 16 मिमीचे खडे हवेच्या दाबाने रंगवलेल्या पत्र्यावर मारायचे आणि टवके मोजायचे. यंत्राचं नाव ग्रॅव्हेलोमीटर. लहानपणी असं यंत्र मिळालं असतं तर सोसायटीतली एक काच शिल्लक राहिली नसती.

तर आमचं भांडण. एक मित्र म्हणतो, "अरे, सगळी गाडीच नव्याने रंगवून टाकू, कटकट संपेल." पैसे तर लागतीलच, पण माझा मुद्दा वेगळा आहे. खालच्या गंजावर नवा रंग मारला तर तपासनीसाला वर्षभर दिसणार नाही, गंजाला काहीच फरक पडणार नाही. शिवाय मूळ कारखान्याचा रंग एकदा गेला की गेला.

शेवटी दुसऱ्या मित्राचं मत माझ्या बाजूने पडलं. गेल्या शनिवारी बॅटरी आणि भिंग घेऊन आम्ही पुढचा भाग इंच इंच तपासला. एकूण 61 टवके. त्यातले 43 प्रायमरपर्यंतच, तिथे साफ करून, प्रायमर आणि रंगाचा ठिपका देऊन भागेल. उरलेल्या 18 मध्ये पत्रा उघडा पडलाय. ते चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडायचे, कडा पॉलिश पेपरने उतरत्या करायच्या, मग इपॉक्सी प्रायमर (साधा प्रायमर पाणी शोषतो, त्याच्या भरवशावर राहू नका), आणि मग रंगाचे पातळ हात, प्रत्येक पुरता वाळू देऊन.

त्यातले दोन नेमके विंडस्क्रीनखालच्या सांध्यावर आहेत. तिथे स्क्रूड्रायव्हरने हलकेच टोचलं तर एका ठिकाणी टणक लागलं. दुसऱ्या ठिकाणी टोक किंचित आत गेलं. तिथे वेल्डिंग लागणार की नाही, ते सांध्यातला जुना मसाला काढल्यावरच कळेल. गॅरेजवाल्याची पुढच्या मंगळवारची वेळ घेतलीये.