कृष्णधवल छायाचित्र आणि स्थळाचा पुरावा : लोणारच्या निमित्ताने

मराठीत चित्र ‘काढतात’ आणि छायाचित्रही ‘काढतात’. क्रियापद एकच असले, तरी ह्या दोन क्रियांतून उरणारा पुरावा सारखा नसतो. मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल ह्याचे उदाहरण ह्या दृष्टीने बोलके आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ साली त्याची नेमणूक झाली. त्याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक नकला १८६६ साली इंग्लंडमधील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळून गेल्या. मध्यंतरी तो छायाचित्रणाकडे वळला होता. १८६४ साली त्याची शंभर द्विनेत्री छायाचित्रे जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह प्रसिद्ध झाली. त्याच दशकात त्याने लोणारची मंदिरेही टिपली. नकल एकच होती, म्हणून ती गेली; छायाचित्राच्या अनेक प्रती निघाल्या, म्हणून ते उरले.

त्या काळी रूढ असलेल्या ओल्या कलोडियन पद्धतीत काचेवर लेप देणे, ती चांदीच्या क्षारात बुडविणे, प्रकाशित करणे व धुणे ही सर्व कामे लेप वाळण्यापूर्वी उरकावी लागत. त्यामुळे काळोखी राहुटी बरोबर बाळगणे भाग असे. आज जुना हस्तचालित कॅमेरा घेऊन लोणारला जाणाऱ्या हौशी माणसाला हे कष्ट नाहीत. परंतु मोजून-मापून काम करण्याची शिस्त तीच आहे. १२० क्रमांकाच्या रोलवर चौरस आकाराची बाराच चित्रे येतात. प्रकाशमापक नसल्यास भर उन्हात छिद्र एफ/१६ वर ठेवून, १०० वेगाच्या फिल्मसाठी १/१२५ सेकंद हा अंदाज धरावा लागतो. प्रत्येक चित्रापूर्वी थांबावे लागते, आणि थांबलेला मनुष्य अधिक पाहतो.

दैत्यसूदन मंदिराच्या बाह्य भिंतींवरील मूर्ती तिरप्या उन्हात जशा उठून दिसतात, तशा मध्यान्ही दिसत नाहीत. दगडाचा पोत आणि कोरीव कामाची खोली छायाप्रकाशाच्या भाषेत उत्तम सांगता येते. मात्र ह्या भाषेची मर्यादाही ओळखली पाहिजे. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी क्षारप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे गुलाबी झाले. त्या दिवसांतील केवळ कृष्णधवल चित्रे उरली असती, तर ही घटना करड्या छटेत विरून गेली असती. म्हणून चित्र खोटे ठरत नाही. ते जे सांगू शकत नाही, ते लेखणीने सांगावे लागते.

येथेच हौस आणि संशोधन ह्यांची सीमा आहे. गिलच्या छायाचित्रांशी आजची वास्तू ताडून पाहता येते, कारण स्थळ निश्चित आहे. उलट, घरोघरीच्या ट्रंकांत पडलेल्या निगेटिव्हांपैकी ज्यांवर गाव, वास्तू व वर्ष ह्यांचा उल्लेख नाही, त्या इतिहासाला जवळजवळ मुक्या आहेत. नोंदीविना छायाचित्र म्हणजे तिथी नसलेला कागद होय. विद्यार्थ्यांनी सहलीला जाताना कॅमेऱ्याबरोबर वहीही न्यावी. प्रत्येक चित्राचा क्रमांक, तारीख, वेळ, दिशा आणि रंग जागेवरच टिपून ठेवावेत. एखादी भिंत पुढे ढासळली, तर ती कोठे व कशी उभी होती ह्याची साक्ष देणारे कदाचित हेच बारा चौकोन असतील.