सूक्ष्मजंतुग्रहण, प्रतिपिंडांद्वारे

अन्नातील विरळ रोगकारक सूक्ष्मजंतू त्यांच्याशीच जुळणाऱ्या प्रतिपिंडांच्या साहाय्याने पकडून एकत्रित करण्याची पद्धती. प्रतिपिंडे ही परक्या द्रव्याच्या प्रतिकारार्थ शरीरात निर्माण होणारी प्रथिने होत.

विशिष्ट रक्तरसामुळे त्या त्या जातीच्या सूक्ष्मजंतूंचे पुंजके बनतात, असे माक्स ग्रूबर व हर्बर्ट डरम यांनी १८९६ मध्ये दाखविले. त्याच वर्षी फेर्नां व्हीदाल यांनी आंत्रज्वराच्या (टायफॉइडच्या) निदानासाठी ह्या गुणधर्माचा उपयोग केला. असा रक्तरस प्राण्यांना जंतू टोचून मिळवीत. भारतातील रक्तरसनिर्मितीचे एक आद्य केंद्र ठरलेली इंपीरियल बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी १८८९ मध्ये पुणे येथे स्थापन झाली. १८९३ मध्ये ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली व तेथे १८९९ पासून गुरांच्या बुळकांडी रोगावरील रक्तरस तयार होऊ लागला.

पुंजके दिसण्यास जंतू विपुल लागतात. अन्नात मात्र ते अत्यल्प असू शकतात. त्यामुळे ते पोषक द्रवात वाढवून ओळखण्यास अनेक दिवस लागत व तोवर ते अन्न खाल्लेही जाई. १९७६ मध्ये नॉर्वेचे जॉन युगेलस्टाड यांनी एकसारख्या आकारमानाचे पॉलिस्टायरीन कण तयार केले. पुढे त्यांत लोहाची ऑक्साइडे घालून ते चुंबकीय करण्यात आले. प्रतिपिंडे बसविलेले असे कण नमुन्यात मिसळतात. जंतू त्यांना चिकटल्यावर कण चुंबकाने ओढून घेतात व उरलेला द्रव काढून टाकतात. एशेरिकिया कोलाय ओ १५७ ह्या जंतूच्या शोधासाठी २००१ च्या आंतरराष्ट्रीय मानकात ही पद्धती विहित केलेली आहे. तथापि अन्नातील स्निग्ध पदार्थ तिला अडथळा आणतात आणि सदृश जंतूही पकडले जातात. म्हणून पकडलेल्या जंतूंचे संवर्धन करून खात्री करून घेणे आवश्यक असते.