दैव, यत्न आणि सत्यशोध (दासबोध व ग्रीक शोकांतिका)

माणसाचे आयुष्य आधीच ठरलेले असते की त्याच्या करणीने घडते, आणि सत्य हाती आल्यावर त्याने काय करावे, या प्रश्नाची दोन मोठी उत्तरे येथे शेजारी ठेवली आहेत. एक इ. स. पू. पाचव्या शतकातल्या अथेन्सच्या रंगभूमीवरचे, दुसरे सतराव्या शतकातल्या मराठी ‘दासबोधा’तले. दोहोंत ऐतिहासिक संबंध नाही. मात्र दैववादाला मराठीत सर्वांत ठाम उत्तर देणारा हा ग्रंथकार आजच्या जालना जिल्ह्यातला आहे. घनसावंगी तालुक्यातले जांब, म्हणजे आताचे जांब समर्थ, हे समर्थ रामदासांचे जन्मगाव.

समर्थांचा, म्हणजे नारायण सूर्याजीपंत ठोसर यांचा, जन्म शके १५३० (इ. स. १६०८) मध्ये रामनवमीला झाला. बाराव्या वर्षी लग्नाच्या बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच ते मांडवातून निघून गेले, अशी सांप्रदायिक परंपरा आहे. पुढे नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षे तपश्चर्या, बारा वर्षे देशाटन, मग कृष्णाकाठी वास्तव्य आणि शके १६०३ मध्ये सज्जनगडावर देहत्याग, असा चरित्रक्रम सांगितला जातो. ग्रीक कथेतला ईडिपसही तरुणपणी घर सोडतो. तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील, ही डेल्फीची देववाणी ऐकून तो कॉरिंथकडे पाठ फिरवतो. तिथले राजाराणी आपले जन्मदाते नाहीत, हे त्याला ठाऊक नसते. त्यामुळे भविष्य चुकवण्यासाठी धरलेली वाट त्याला थेट खऱ्या बापासमोर, तीन रस्ते मिळतात त्या जागी, आणून उभी करते.

एवढ्यावरून ग्रीक शोकांतिका म्हणजे दैवाचा विजय, असा समज मराठी वाचकांत रुजला आहे. तो अपुरा आहे. ईडिपसवरचे सॉफोक्लीझचे नाटक सुरू होते तेव्हा भाकीत खरे होऊन बरीच वर्षे लोटलेली असतात. थीब्ज नगरात साथ पसरली आहे, आधीच्या राजाचा खुनी सापडल्याशिवाय ती हटणार नाही, आणि राजा ईडिपस चौकशीला बसला आहे. अंध द्रष्टा टायरेसिअस बोलायला तयार नाही. त्याची राणी योकास्टा हिला उलगडा आधी होतो. ती चौकशी थांबवण्यासाठी गयावया करते. म्हातारा धनगर तर ते भयंकर वाक्य ओठांवर आले असतानाही अडखळतो. या तिन्ही ठिकाणी राजाला थांबता आले असते. ऐकणे आपल्यालाही तितकेच भयंकर आहे हे ओळखून तो ऐकायचेच ठरवतो. देववाणीने खून आणि विवाह सांगितला होता, ही चौकशी सांगितली नव्हती. सत्य कळल्यावर स्वतःचे डोळे फोडून घेतल्यानंतरही तो हेच वेगळे करून सांगतो: दुःख अपोलोने आणले, पण घाव घालणारा हात माझा. ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त हे नाटक वारंवार आदर्श म्हणून घेतले, तिथे त्याचा भर नायकाच्या हातून घडणाऱ्या चुकीवर आणि सत्य कळताक्षणी फिरणाऱ्या परिस्थितीवर आहे, नियतीवर नाही.

भारतीय परंपरेत प्रश्नाची मांडणीच निराळी. कर्मसिद्धांतानुसार प्रारब्ध बाहेरून लादलेले नसून आपल्याच पूर्वकर्माचे फळ असते. महाभारताच्या अनुशासनपर्वात पुरुषार्थाला शेत आणि दैवाला बी म्हटले आहे. ‘योगवासिष्ठ’ त्याहून पुढे जाऊन दैव हे दुबळ्यांचे समाधान ठरवते. ग्रीक नायकाच्या सर्वांत जवळ येतो तो कर्ण. पण त्याला जन्मरहस्य युद्धाआधीच कृष्णाकडून कळते आणि ते जाणूनच तो दुर्योधनाची बाजू सोडत नाही. ईडिपसला सत्य कृत्यानंतर मिळते, कर्णाला आधी. शिरवाडकरांचे ‘कौंतेय’ आणि शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) यांतून कर्णाचे दुःख मराठी मनात खोल उतरले, ते बरेचसे या जाणून केलेल्या निवडीमुळे.

दासबोध हा वीस दशक, दोनशे समास आणि सुमारे पावणेआठ हजार ओव्यांचा ग्रंथ. पूर्वकर्म तो नाकारत नाही. तिसऱ्या दशकात जन्मदुःख, त्रिविध ताप आणि मृत्यू यांचे वर्णन इतके सविस्तर आहे की माणसाच्या हाती काही उरतच नाही, असे वाटावे. पण बाराव्या दशकातल्या नवव्या समासात एक दरिद्री, कर्जबाजारी, आळशी माणूस समोर येतो. अन्न नाही, वस्त्र नाही, जगायचे कसे, असे तो विचारतो. समर्थ त्याची पत्रिका पाहत नाहीत की त्याला व्रत सांगत नाहीत. लहान असो वा मोठे, कोणतेही काम केल्याशिवाय होत नाही, असे ते त्याला ‘करंट्या’ म्हणून खडसावत सांगतात, आणि सावध झालास तर भाग्यवान होशील असा शब्दही देतात. एकोणिसाव्या दशकात करंट्याची आणि भाग्यवंताची लक्षणे लागोपाठच्या समासांत येतात. तिथे पापाने दारिद्र्य येते आणि दारिद्र्याने पुन्हा पाप वाढते, हे दुष्टचक्र ते मान्य करतात. आणि लगेच ही लक्षणे ऐकून टाकून द्या म्हणतात. जे टाकता येते ते कपाळी लिहिलेले कसे असेल? दैववादावरचा हा मराठीतला सर्वांत व्यवहारी युक्तिवाद आहे.

सत्यशोधाबाबत समर्थ तितकेच कडक आहेत. शास्त्रप्रचीती, गुरुप्रचीती आणि आत्मप्रचीती या तिन्ही जुळल्या पाहिजेत. दहाव्या दशकात ते विचारतात की वैद्याचा गुण येत नसेल, व्यथा हटत नसेल, तर लोकांवर रागावण्यात काय अर्थ? ईडिपस शेवटच्या साक्षीदाराला बोलावतो त्यामागे हाच आग्रह आहे.

या विचारात एक ताण आहे आणि तो मिटवू नये. यत्नाचा एवढा पुरस्कार करणारे समर्थ सहाव्या दशकात मात्र ‘मी कर्ता’ म्हणणाऱ्याला कष्टी होशील असे बजावतात, कर्ता राम. मांडलेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ असे स्वतंत्र प्रकरणच दैव की यत्न या प्रश्नाला दिले.

सॉफोक्लीझचे हे नाटक पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ (१९७९) या नावाने मराठीत आणले. समर्थांच्या कसोट्या या राजाला लावून पाहिल्या तर अडचण उभी राहते. तो आळशी नाही, सावध आहे, बुद्धीने कोडे सोडवून नगर वाचवतो, प्रजेसाठी रात्रंदिवस झटतो, पुराव्याशिवाय मानत नाही. भाग्यवंताची बहुतेक लक्षणे त्याच्यात आहेत आणि त्याचा नाश त्याच लक्षणांच्या वाटेने होतो. करंट्याला सावरणारे शास्त्र दासबोधात आहे. सर्व यत्न नीट करूनही उद्ध्वस्त झालेल्याला मात्र सहाव्या दशकाकडे, कर्तेपण सोडण्याकडे, जावे लागते. सॉफोक्लीझचा म्हातारा नायक तिकडे जात नाही. ‘कोलोनसमधील ईडिपस’ या अखेरच्या नाटकात तो आपली बाजू हिरिरीने मांडतो: जे केले ते न कळत केले, म्हणून मी दोषी नाही. अथेन्सचा राजा थीसिअस त्याला आश्रय देतो. हे नाटक सॉफोक्लीझच्या मृत्यूनंतर, इ. स. पू. ४०१ मध्ये, त्याच्या नातवाने रंगभूमीवर आणले.